उरणच्या एका मासळी खानावळीचा फळा

उरण कोळीवाड्याच्या अंगाला, मोरा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका घराच्या पडवीत चालणाऱ्या या खानावळीला नाव नाही. दारावर 'घरगुती मासळी जेवण मिळेल' एवढेच रंगवलेले आहे. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर शाळेत असतो तसा काळा फळा दिसतो. फळ्यावर खडूने मधोमध रेघ ओढून दोन रकाने केले आहेत. डाव्या रकान्यावर 'खाडीची' आणि उजव्यावर 'धक्क्याची' असे लिहिलेले असते. त्या दिवशी जवळच्या खाडीतून, चिखलातून आणि खडकांवरून जे हाताला लागले ते डावीकडे, आणि करंजा बंदरावरून किंवा पलीकडे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून व ससून डॉकवरून जे विकत आणले ते उजवीकडे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी मी जेवलो आहे आणि 'आमच्या इथली ताजी मासळी' ही घोषणा जवळजवळ प्रत्येक पाटीवर वाचली आहे. मासळी नेमकी कुठली, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधी लिहून सांगणारी खानावळ मात्र मला दुसरी आठवत नाही. म्हणून या परीक्षणात चवीच्या बरोबरीने फळ्याबद्दलही लिहावे लागणार आहे.

मी गेलो त्या दुपारी डाव्या रकान्यात दोनच नावे होती: निवटी आणि चिंबोरी. उजव्या रकान्यात बोंबील, मांदेली, बांगडा, सुरमई, पापलेट आणि कोळंबी अशी भरगच्च यादी होती. खानावळ चालवणाऱ्या मावशींनी न विचारता खुलासा केला की त्यांच्या सासूच्या काळी असा फळा लिहायचा झाला असता तर डावी बाजू पुरली नसती, कारण जिताडा, बोय, खरबी, खुबे, कालवे, शिंगाळी आणि पांढरी कोळंबी ही सगळी मासळी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळत असे. जिताड्याचे नाव काढल्यावर त्या हसल्या. रायगडात सरकारी काम अडले की साहेबांच्या घरी जिताडा पोचवायचा, हा विनोद जुना आहे. आता साहेबांना द्यायचा जिताडाही तळ्यातलाच, असे त्यांचे म्हणणे पडले.

निवटीचे कालवण हा या खानावळीचा सर्वांत उत्तम पदार्थ आहे आणि तो मागवल्याशिवाय परत येऊ नये. निवटी म्हणजे ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा, डोळे डोक्यावर असलेला बोटभर मासा. तो निसरडा असतो आणि अंगावरचा बुळबुळीतपणा नीट काढला नाही तर रस्सा बिघडतो. मागच्या दारी मावशींची सून एका घमेल्यात निवट्या जाड मीठ आणि चुलीच्या राखेने चोळत बसली होती. तिची पद्धत अशी होती की आधी राखेने चोळायचे, पाणी फेसाळ होऊन निघाले की ते ओतायचे, मग मिठाने पुन्हा चोळायचे आणि पाण्याचा फेस थांबेपर्यंत धूत राहायचे. या कामाला अर्धा तास सहज जातो, त्यामुळे जेवण उशिरा येते अशी तक्रार ज्यांना करायची असेल त्यांनी आधी मागच्या दारी डोकावून यावे. कालवणाला वाटण फारसे नव्हते. ठेचलेला लसूण, घरचा कोळी मसाला, चिंचेचा कोळ आणि वरून कोथिंबीर एवढ्यावरच ते उभे होते. मासा काट्यासकट खायचा असतो आणि तो तसा खाता येईल इतका शिजलेला होता. सोबत तांदळाची भाकरी, मऊ आणि कडेला किंचित करपलेली.

चिंबोरीचा रस्सा चांगला होता, पण चिंबोऱ्या लहान होत्या. याबद्दल विचारल्यावर समजले की त्या एका कातकरी कुटुंबाकडून येतात, आणि हल्ली मोठी चिंबोरी मिळाली तर ते ती थेट मुंबईच्या व्यापाऱ्याला देतात, कारण तिथे मिळणारा दर खानावळ देऊ शकत नाही.

मला सर्वांत लक्षात राहिली ती मासळी निवडण्याची रीत. खाडीतून आलेला प्रत्येक मासा मावशी आधी नाकाशी धरतात. कल्ला बोटाने उचलायचा, लाल आहे का ते पाहायचे, हे तर कोणतीही कोळीण करते. त्यांचे पुढचे हुंगणे वेगळ्या कारणासाठी असते. उरण, न्हावा, शेवा आणि पलीकडे ट्रॉम्बेपर्यंतच्या खाडीकाठी 'मासळीला घासलेटचा वास येतो' हे वाक्य इतके रोजचे आहे की ते बोलताना कोणी आवाजही चढवत नाही. असा वास पाण्यातले तेल माशाच्या चरबीत उतरल्याने येतो, आणि तो मसाल्याने किंवा आंबटाने झाकला जात नाही. माझ्या समोर त्यांनी दोन निवट्या बाजूला टाकल्या. मला त्यात काहीच जाणवले नव्हते.

या वासाला इतिहास आहे. मे 1993 मध्ये बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राहून उरणकडे तेल आणणारी समुद्राखालची वाहिनी फुटली आणि तेल मुरुडच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया 3' ही जहाजे एकमेकांवर आदळली, सुमारे 800 टन तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले आणि उरण परिसरातल्या तिवरांच्या बुंध्यांवर काळा थर बसला. ऐन पावसाळी बंदी संपून मासळीचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास हे घडले, आणि लोकांनी मासे खाणेच सोडल्यामुळे ज्यांच्या जाळ्यात स्वच्छ मासळी आली त्यांनाही गिऱ्हाईक मिळाले नाही. मोठ्या घटना कागदावर येतात. रोजचा निचरा, जहाजांचे धुणे, गोदीतले सांडणे याची नोंद मात्र मावशींच्या नाकापलीकडे फारशी कुठे होत नाही.

डावा रकाना इतका आखूड का झाला, याचे उत्तर खानावळीतून बाहेर पडून कोणत्याही दिशेला पाहिले की मिळते. फेब्रुवारी 1974 मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रतळावर पाय रोवून खोदकाम करणाऱ्या फलाटाने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात तेल शोधले, 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि ते तेल व वायू जमिनीवर आणण्यासाठी जागा निवडली गेली उरणची. त्यानंतर एकेक करून ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचा प्रक्रिया प्रकल्प, बोकडविऱ्याचे वायूवर चालणारे वीजकेंद्र, सिलिंडर भरण्याचा कारखाना, न्हाव्याला समुद्रातल्या तेल काढणाऱ्या फलाटांना माल पुरवणारा तळ असे सारे या एका तालुक्यात येऊन बसले. 1989 मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि त्याच्या प्रत्येक विस्ताराबरोबर खाडीतला भराव वाढला. पूर्वी बेटासारखे असलेले हे उरण मिठागरांचे, भातखाचरांचे आणि खाडीचे होते. आज रात्रीच्या वेळी मोऱ्याच्या लाँचमधून येताना सर्वांत आधी दिसतो तो प्रकल्पातला जळता वायू.

शेतकऱ्यांनी या बदलाची किंमत जानेवारी 1984 मध्ये रक्त सांडून वसूल केली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनात जासई आणि परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्यातून उभे राहिले. त्या तत्त्वाचे मोजमाप मात्र जमिनीवर चालते. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याची जमीन किती गेली हे गुंठ्यात सांगता येते. खाडीला सातबारा नसतो. जिथे सात पिढ्या जाळी लावली तो चिखल सरकारदरबारी कोणाचाच नव्हता, त्यामुळे तो भरून टाकताना कोणाचे काही गेले असे कागदावर दिसले नाही. शेवा कोळीवाड्याची तर वस्तीच बंदरासाठी हलवली गेली आणि हनुमान कोळीवाडा म्हणून जिथे वसवली, तिथल्या घरांना वाळवी लागली. ती तक्रार आज चार दशके चालू आहे.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. आदिवासी आणि तेल कंपन्या यांच्या संघर्षांबद्दल आपण वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर दूरचे जंगल येते. महाराष्ट्रात महादेव कोळी, मल्हार कोळी आणि ढोर कोळी हे अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. किनाऱ्यावरचे सोनकोळी त्या यादीत नाहीत, विशेष मागास प्रवर्गात आहेत. त्यामुळे वनहक्क कायद्यासारखे जे काही आधार जंगलातल्या माणसाला निदान कागदावर मिळतात, तेही समुद्रातल्या माणसाला मिळत नाहीत. मुंबई परिसराचे मूळ रहिवासी म्हणून भाषणांत कोळ्यांचा गौरव होतो, परंतु त्या मूळ रहिवासी असण्याचा कायद्यात कोठे उपयोग करायचा हे कोणी सांगत नाही. चिंबोऱ्या आणून देणारे कातकरी कुटुंब तर आदिम जमातीत मोडते, आणि तरीही ज्या खाडीवर ते जगते तिच्यावर त्याचा कोणताही लेखी हक्क नाही.

म्हणूनच 27 फेब्रुवारी 2015 चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा निकाल या भागात इतका महत्त्वाचा मानला जातो. पारंपरिक मच्छीमारांनी बंदराच्या चौथ्या टर्मिनलच्या भरावाविरुद्ध दाद मागितली होती. पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाने उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाडा येथल्या 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला आणि तिचा भार बंदर, ओएनजीसी व नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ यांच्यावर 70, 20 आणि 10 टक्के असा वाटून दिला. हिशेब केला तर कुटुंबामागे सरासरी 5 लाख 84 हजार रुपयांच्या आसपास रक्कम येते. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयात गेले. रकमेपेक्षाही, ज्या चिखलाला सातबारा नाही त्याच्यावरही कोणाचे पोट असते आणि ते बुडवले तर पैसे मोजावे लागतात, हे त्या आदेशाने मान्य केले, याचे मोल मोठे आहे. मला त्यात उणीव वाटते ती मोजमापाची. होडीला नोंदणी असते, जाळ्याला परवाना असतो. ओहोटीला कोयती घेऊन खडकावरची कालवे फोडणाऱ्या बाईकडे यांपैकी काहीच नसते. कुटुंब हा एकक धरला की तिची वेगळी कमाई कुटुंबात विरघळून जाते. या खानावळीच्या फळ्यावरून सर्वांत आधी नाहीशी झालेली नावे म्हणजे कालवे आणि खुबे, आणि ती दोन्ही पूर्णपणे बायकांच्या हातची होती.

त्याच वर्षी, या निकालापूर्वी दोन महिन्यांच्या आतच, नायजेरियातल्या बोडो नावाच्या मच्छीमार गावाचा दावा मिटला होता. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातले हे गाव ओगोनी लोकांचे. तिथेही तिवरांची खाडी, चिखलातल्या निवट्यांचे भाऊबंद, आणि ओहोटीला शिंपले व गोगलगायी वेचणाऱ्या बायका. 2008 मध्ये शेल कंपनीच्या वाहिनीतून दोनदा तेल गळले आणि ती खाडी मेली. जानेवारी 2015 मध्ये कंपनीने 5 कोटी 50 लाख पौंड देण्याचे मान्य केले. त्यांपैकी 3 कोटी 50 लाख 15,600 व्यक्तींना आणि उरलेले 2 कोटी गावाला मिळायचे होते. हा दावा व्यक्तिशः मोजला गेला, म्हणजे बाई स्वतंत्रपणे मोजली गेली, आणि गावाचा वाटाही वेगळा ठेवला गेला. ओगोनी प्रदेशात शेलने 1993 मध्येच उत्पादन थांबवले होते, कारण लोकांनी थांबवायला लावले होते. त्या आंदोलनाचे नेते केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना नोव्हेंबर 1995 मध्ये फाशी देण्यात आली. विहिरी बंद राहिल्या तरी वाहिन्या त्या जमिनीवरून चालूच राहिल्या. 2011 च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण अहवालाने ती जमीन व खाडी स्वच्छ व्हायला 25 ते 30 वर्षे लागतील असे सांगितले. उरणमध्येही तेलाची विहीर एकही नाही. तेल समुद्रात निघते, खपते देशभर, आणि मधली नळी ज्याच्या दारावरून जाते त्याच्या ताटातून मासा जातो.

फळ्याचा उजवा रकानाही तेलापासून मोकळा आहे असे समजू नये. मावशींचा भाचा करंज्याच्या एका मोठ्या नौकेवर जातो आणि त्या दिवशी वाढायला तोच होता. समुद्रातल्या प्रत्येक तेलफलाटाभोवती 500 मीटरचा सुरक्षा पट्टा असतो आणि त्यात शिरणे गुन्हा आहे. गंमत अशी की फलाटांच्या खांबांना शेवाळ व शिंपले धरतात, त्यामुळे मासळी नेमकी तिथेच जमते. भूकंपीय सर्वेक्षण असेल तेव्हा तर नौकांना मैलोन्‌मैल क्षेत्र सोडायला सांगितले जाते, कारण सर्वेक्षणाचे जहाज किलोमीटर लांबीच्या तारा मागे ओढत, पाण्यात हवेचे स्फोट करत चालते. पालघर-डहाणूच्या मच्छीमारांनी या सर्वेक्षणांविरुद्ध अनेकदा समुद्रात आणि रस्त्यावर आंदोलने केली आहेत. त्यांचे गाऱ्हाणे साधे असते की स्फोटांनी मासा पांगतो, हंगामातले दिवस वाया जातात आणि भरपाई कोणाला व कशाच्या आधारावर, याचा निकष ठरत नाही.

इक्वेडोरमधल्या सारायाकू या किचवा आदिवासींच्या गावात असेच सर्वेक्षण जंगलात झाले होते आणि कंपनीने जमिनीत स्फोटके पेरून ठेवली होती. आंतरअमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने जून 2012 मध्ये निकाल दिला की गावाला आधी विचारायला हवे होते आणि ते विचारले नाही म्हणून सरकार दोषी आहे. या 'आधी विचारण्या'ला 1989 च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 169 क्रमांकाच्या करारात आधार आहे. भारताने त्या आधीचा 107 क्रमांकाचा करार 1958 मध्ये मान्य केला, पण 169 स्वीकारलेला नाही. आपल्याकडे विचारण्याची जागा म्हणजे पर्यावरण मंजुरीपूर्वीची जनसुनावणी. जानेवारी 2020 मध्ये केंद्राने तेल व वायूच्या शोधासाठीचे खोदकाम अशा गटात टाकले की त्याला जनसुनावणी लागत नाही. उत्पादनासाठी लागते, शोधासाठी नाही. माझ्या मते हे उलटे आहे. तेल सापडल्यावर नाही म्हणणाऱ्याचे कोण ऐकतो?

खानावळीतले दुपारचे गिऱ्हाईक कोण असते, हे सांगितले नाही तर चित्र अर्धवट राहील. बहुतेक जण प्रकल्पातले, वीजकेंद्रातले आणि कंटेनर यार्डातले कंत्राटी कामगार असतात. त्यांतले बरेच जण याच कोळीवाड्यांतले आणि आगरी गावांतले आहेत. 3 सप्टेंबर 2019 रोजी ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागून चौघांचा मृत्यू झाला, त्यांत तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशमन जवान होते. त्या घटनेचा विषय निघाला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या तिघांनी जेवण थांबवून आपापल्या पाळीची आठवण सांगितली. खाडी गेली याचा राग आणि प्रकल्पात कायम नोकरी मिळत नाही याचा राग एकाच माणसात एकाच वेळी असू शकतो, आणि या पडवीत तो रोज दुपारी एकाच पंगतीला जेवतो. मावशींचा धंदा त्यांच्यावर चालतो, हे त्या लपवत नाहीत. स्वयंपाक सिलिंडरवर होतो, तो सिलिंडर याच तालुक्यात भरला जातो, आणि तरीही तो त्यांना स्वस्त पडत नाही, हेही त्यांनीच सांगितले.

आता उरलेल्या जेवणाबद्दल. तळलेले बोंबील कुरकुरीत आणि आतून ओलसर होते, पण तेवढे चांगले बोंबील अलिबागपासून मुंबईपर्यंत अनेक ठिकाणी मिळतात. मांदेली थोडी जास्त तळली गेली होती. कोळंबीचे कालवण हा माझ्या दृष्टीने एकमेव निराशेचा भाग होता. कोळंबी एकसारख्या आकाराची, गोडसर आणि चवीला सपक होती, म्हणजे ती तळ्यात वाढवलेली असणार. फळ्यावर ती 'धक्क्याची' म्हणून लिहिली होती. धक्क्यावर ती विकत घेतली हे खरे असेल, पण समुद्रातून आली नाही हेही तितकेच खरे. ज्या खानावळीने इतका प्रामाणिक फळा लिहिला आहे तिने तिसरा रकाना 'तळ्याची' असा करायला हरकत नसावी. हे मी बोलून दाखवले, आणि मावशींनी रागावण्याऐवजी फळ्यावर जागा कुठे आहे ते दाखवले. जागा डावीकडेच होती. सोलकढी पातळ होती. शाकाहारी माणसाला वरण-भात आणि वांग्याचे भरीत एवढेच मिळते, आणि तेही आधी सांगितले तर.

मासळीची साधी थाळी 220 रुपयांना मिळते. खाडीच्या मासळीचा दर त्या दिवसाच्या आवकेवर ठरतो व तोही फळ्यावरच असतो. निवटीचे कालवण मी गेलो त्या दिवशी वेगळे 180 रुपये होते आणि घासून स्वच्छ करण्याची मेहनत पाहता ते महाग म्हणता येणार नाही. टेबले चार, त्यांतले एक डुगडुगते. पडवीत पंखे आहेत, पण दुपारी एक ते दोन या वेळेत कामगारांची सुट्टी असल्याने जागा मिळणे कठीण होते. साडेबाराच्या आत किंवा अडीचनंतर जावे. जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल येते आणि स्थानकाबाहेर रिक्षा मिळते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरले तर चालतही जाता येते, फक्त भरती-ओहोटीनुसार फेऱ्या बदलतात हे ध्यानात ठेवावे. गाडी लावायला जागा नाही.

जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असल्याने उजवा रकाना जवळजवळ रिकामा असतो आणि सुकट, सोडे व सुके बोंबील यांवर काम चालते. डाव्या रकान्यात तेव्हा काय मिळेल ते पावसावर आणि नशिबावर आहे. निवटीसाठी जायचे असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारावे. नसतील तर मावशी नाही म्हणून सांगतात, दुसरीकडची आणून वाढत नाहीत.